रबाळ्याच्या लॅबमधल्या केदारला

लीड्स, रविवार

चि. केदार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे अर्धवट बोललास ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले. औषध तपासताना क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे औषधातले घटक वेगवेगळे दाखवणाऱ्या आलेखात, एक छोटा अनोळखी पीक (उंचवटा) दिसला, सरांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं आणि तू "कॉलम जुना झाला असेल" म्हणून मोकळा झालास, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या त्या नळीवर ढकललंस. का, तर "माहीत नाही" म्हटलं असतं तर एम.एस्सी. होऊन एवढंही येत नाही, असं लोक म्हणाले असते.

कॉलम जुना असेलही. पण तुला दिसला होता तो फक्त पीक. ब्लँक, म्हणजे औषध न घातलेला नुसता द्राव, मारून पाहिला होता का? नमुना कॉलममधून वाहून नेणारा द्राव, तुमची ती मोबाइल फेज, ताजी होती का? स्टँडर्डमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या शुद्ध नमुन्यातही, तो पीक येतो का? हे काहीच न बघता कारण ठरून गेलं, आणि एकदा कारण मिळालं की पुढे कुणी शोधत नाही. मला भीती वाटते ती याची. तुझा अंदाज बरोबर निघाला तरी तू तो अंदाज म्हणून सांगितला नव्हतास. उद्या गेल्या गेल्या सरांना सांग, "सर, कॉलमचं मी अंदाजाने बोललो होतो, खरं कारण अजून माहीत नाही. ब्लँक आणि स्टँडर्ड बघून दुपारपर्यंत सांगतो." ते चिडले तर चिडू देत.

अरे, तुम्ही पास केलेलं औषध शेवटी माझ्यासारख्या नर्सच्या हातात येतं. आमच्या वॉर्डातल्या कितीतरी खोक्यांवर भारतात बनवल्याचं छापलेलं असतं. मी व्हायल उजेडात धरते, बॅच नंबर वाचते, एक्स्पायरी वाचते. आत नको ते काही आहे का, हे मला डोळ्यांनी कळत नाही. ते तुझ्यासारख्या कुणीतरी नीट पाहिलंय, या भरवशावर मी सुई लावते.

आमच्या इन-चार्ज सिस्टरची मात्र मला फार आठवण झाली तुझं ऐकून. तीसेक वर्षांचा अनुभव असलेली बाई. एकदा दोन औषधं एकाच लाइनमधून द्यायची वेळ आली. काही औषधं वेगवेगळी असताना पाण्यासारखी स्वच्छ दिसतात आणि एकत्र आली की नळीतच त्यांचा साका धरतो. सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियमचं तसं आहे, ते आम्हाला पाठ असतं. पण ही जोडी नेहमीची नव्हती. पेशंटची मुलगी शेजारी उभी, डॉक्टर घाईत. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "हे मला माहीत नाही, फार्मसीला विचारते." फोन लावला, पलीकडून सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, चार्टवर लिहिलं, मग पुढचं. ती मुलगी त्यानंतर प्रत्येक गोष्ट त्यांनाच विचारायला लागली. ठाण्यात शिकत असताना आम्ही मुली वॉर्डात प्रश्न विचारायला घाबरायचो. "एवढंही येत नाही?" हे वाक्य तिथे फार स्वस्त होतं. त्यामुळे तुझी भीती मला परकी नाही.

इथल्या ट्रेनिंगमध्ये टेनेरिफ बेटावरच्या विमान अपघाताबद्दल सांगतात. २७ मार्च १९७७, दाट धुकं, दोन जम्बो विमानं एकाच धावपट्टीवर. टेक-ऑफसाठी धावत सुटलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, समोरचं विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, झालंय. ते झालं नव्हतं. ५८३ माणसं गेली. त्या धुक्यात कॉकपिटमधल्या कुणालाच धावपट्टी मोकळी दिसत नव्हती, आणि टॉवरला विचारायला रेडिओ समोरच होता. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात धाकट्याने शंका बोलून दाखवायची आणि थोरल्याने थांबून ऐकायची, यावर भर आला. हॉस्पिटलांनी ते तिथूनच उचललं.

आणि आपले बाबा! वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते तेव्हा ड्रॉइंगवरचं एखादं माप पटलं नाही की त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करून ते परत वर पाठवायचे. जॉब अडला म्हणून बोलणी बसायची. पण फुकट गेलेलं मटेरियल नावावर लागलेलं मला आठवत नाही. त्यांच्याशी एकदा बोल या विषयावर, ते कुणी विचारल्याशिवाय सांगणार नाहीत.

एक मात्र आहे. "माहीत नाही" म्हणून हात झटकून बसलास तर मला ते अजिबात आवडणार नाही. कधीपर्यंत बघून सांगशील ते लगेच बोल, आणि त्या वेळेला सांग, उत्तर मिळालेलं नसलं तरी. विचारलेलं वहीत लिही. तेच तेच तिसऱ्यांदा विचारणाऱ्यावर लोक वैतागतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. शिवाय वर्षभरात तुझ्या हाताखाली कुणी नवीन मुलगा येईल, तो घाबरत विचारेल तेव्हा तुझ्या कपाळाला आठी नको.

आता आईचं. नवीन डॉक्टरांकडे जाताना तिच्या बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप बरोबर घेऊन जा. ती भिडेखातर काहीतरी नाव सांगून मोकळी होते, आणि डॉक्टर त्यावर डोस ठरवतात. आठवत नसेल तर "आठवत नाही" असंच सांगायचं, हे निघण्याआधी तिला बजाव. काय गोळी दिली ते मला रात्री कळव, डोससकट.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई