तक्रार लिहून देणारी माणसं हवी आहेत, मदत करा

नमस्कार मंडळी, आपल्या ग्राहक मदत गटातर्फे ही विनंती आहे, प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आमच्याकडे फसवले गेलेले लोक येतात तेव्हा बहुतेकांचं म्हणणं खरं असतं पण हातात पुरावाच नसतो. बिल घेतलेलं नसतं, किंवा घेतलेलं असतं पण ते थर्मल पेपरवरचं, ऊन किंवा उष्णता लागली तर काही महिन्यांतच अक्षरं उडतात आणि कोरा कागद उरतो, वॉरंटी कार्ड असतं तर त्यावर ना तारीख ना शिक्का. मग समोरचा सरळ हात वर करतो. फार वाईट वाटतं अशा वेळी, कारण वस्तू खराब आहे हे डोळ्यांना दिसत असतं. म्हणून बिल हातात आलं की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा, ऑनलाईन घेतलं असेल तर ऑर्डरसोबत वस्तूच्या वर्णनाचाही स्क्रीनशॉट ठेवा, ते नंतर बदलू शकतं.

१५ मार्चला जागतिक ग्राहक हक्क दिन असतो. १९६२ मध्ये याच तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तिथल्या संसदेला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले, सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा. पुढे १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, २०१५ मध्ये ती सुधारली तेव्हा ऑनलाईन खरेदीचाही त्यात विचार झाला. हे सगळं चांगलंच आहे, पण आमच्या मते सामान्य माणसाचं घोडं अडतं ते त्या चौथ्या हक्कापाशी. कस्टमर केअरला फोन करकरून तो थकतो आणि सोडून देतो. खरं तर एक पान पुरतं, काय घेतलं, कधी घेतलं, काय बिघडलं, आणि तुम्हाला नक्की काय पाहिजे, पैसे परत की बदली वस्तू की दुरुस्ती, किती दिवसांत उत्तर हवं, सोबत बिलाची कॉपी (ओरिजिनल कधीच देऊ नका). पण हे लिहायलाच लोक घाबरतात, वयस्कर मंडळी तर जास्तच.

तर आम्हाला हवेत आठवड्यातून दोन तास बसून अशी पत्रं लिहून देणारे लोक. वकील असायची गरज नाही, शांतपणे ऐकून घेता आलं पाहिजे आणि साधं सरळ लिहिता आलं पाहिजे, बाकीचं आम्ही शिकवू. कॉलेजची मुलं आली तर फारच छान, कारण खोटे रिव्ह्यू, आधीच टिक करून ठेवलेले बॉक्स, बंदच न होणारं सबस्क्रिप्शन हे प्रकार त्यांना पटकन कळतात आणि ते घरच्यांना सांगू शकतात.

दुसरं म्हणजे एक चालू स्थितीतला प्रिंटर-स्कॅनर, कागद, आणि माहितीपत्रकं छापायला जमेल तेवढी देणगी. कंपन्या आणि विक्रेत्यांकडून आम्ही पैसे घेत नाही, उद्या त्यांच्याच विरोधात तक्रार लिहायची वेळ येऊ शकते, त्यामुळे सगळा भार तुमच्यावरच आहे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, ती मागून घ्या, आणि खर्चाचा हिशोब कोणालाही कधीही बघता येईल.

ज्यांना यायचंय किंवा काही द्यायचंय त्यांनी गटातल्या कोणालाही नाव आणि सोयीची वेळ कळवा, १५ मार्चच्या आधी माहितीपत्रकं छापून व्हायला हवीत.