बंड्या, आमच्या तिसरीतल्या पोट्टीचं ‘जू’

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुझे फोन उचलले नाहीत, काय शिव्या घालायच्या त्या घाल. आईचे गुडघे तसेच, माझं बीपी गोळीवर. ते राहू दे.

परवा शाळेत एक साहेब आले. तिसरीतल्या पोट्टीला इंग्रजीचा धडा वाचायला लावला. त्यातल्या ‘zoo’ला ती ‘जू’ म्हणाली, आपण बैलाच्या मानेवर ठेवतो तसं. साहेब म्हणे, “जू नाही, झू म्हण, झू! बैल जुंपतेस का?” वर्ग हसला. मला डी.एड.चा तो सराव पाठ आठवला, तुझ्या ‘झिरो’वर मागचा बाक खिदळला होता तो. म्हणून तुलाच लिहितो, दुसऱ्याला यात काय कळणार?

गंमत म्हणजे पोट्टीच खऱ्या उच्चाराजवळ होती! आपला जूतला, जरातला ज दाताजवळचा. जीभ टेकवायची सोडली आणि आवाज लांबवला की झाला इंग्रजीचा झेड. साहेबांच्या झमध्ये उलट हवेचा फुसकारा. पण साहेबांना कोण सांगणार? तू सांगितलं असतंस, म्हणूनच तुझी बदली तिकडे झाली.

तेव्हापासून ती तोंड उघडत नाही बे. “मले नाई येत सर,” एवढंच. घरी ‘शाया’, शाळेत ‘शाळा’, दोन्ही बिनधास्त बोलणारं पोर हे. तिची जीभ जड आहे असं मला कोणी सांगू नये.

आता सगळ्यांनाच खेळात घेतो. बोट गळ्याला लावून आधी सापासारखं ‘स्स्स’, मग त्यातच आवाज सोडायचा. गळा थरथरला की पोट्टे किंचाळतात. ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘वॉच’ला शिट्टीसारखे ओठ. आपल्या एका ‘व’त दोन्ही उरकतात, म्हणून आरसा फिरवतो. ‘पेन’ म्हणताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरतो. आपल्या प-नं ती हलत नाही. इंग्रजांचा प फ-कडे झुकतो, तेव्हा हलते. ‘बनाना’त जोर मधल्या ‘ना’वर, म्हणून तिथेच टाळी. चूक झाली तर मी फक्त तो शब्द माझ्या वाक्यात नीट म्हणतो, थांबवत नाही.

तू म्हणशील, गोऱ्या साहेबासारखंच बोललं पाहिजे. हॉस्टेलात यावरून तू माझ्याशी अबोला धरला होतास, आणि चहाचे पैसे मात्र माझ्याच नावावर. माझं मत तेच आहे. ‘शिप’ आणि ‘शीप’ वेगळं ऐकू यावं, बाकी वऱ्हाडी हेल राहिला तर राहिला. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून पालकांना वाटतं, इंग्रजी म्हणजे कॉन्व्हेंटच्या टायवालं. तीन पोरं यंदा पिवळ्या बसमध्ये गेली.

आता घोळ असा. 26 जानेवारीच्या इंग्रजी भाषणाला तिचं नाव आधीच दिलेलं. बाप कास्तकार, कापूस वेचणी टाकून ऐकायला येणार. दुसऱ्याला उभं केलं तर तिला वाटेल, साहेबाचंच खरं. तिला उभं केलं आणि ती गप्प राहिली तर? मला वाटतं सोबत दोघी-तिघी उभ्या कराव्यात, ओळी वाटून. हेडमास्तर म्हणतात, भाषण एकाचंच असतं.

तुझा फ्लॅट झाला म्हणे, अभिनंदन. वहिनींच्या परीक्षेचं काय झालं? बाळाला दात आले का?

भाषणाचं मात्र लगेच कळव. रविवारी मीच फोन करतो, उचल.

तुझा,
मास्तर