शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांना सादर नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात राहते. ३१ वर्षं उपकेंद्रात आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. गावात अजून सगळे मला सिस्टरच म्हणतात. हे पत्र पेन्शनसाठी किंवा कुणाच्या बदलीसाठी नाही. लकव्यावर, म्हणजे पक्षाघातावर, जे संशोधन होतं, त्यात आमच्यासारख्या गावांना जागा मिळावी, यासाठी आहे.

पौषात हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं. त्या आठवड्यात आमच्या फीडरला मोटरपंपाची थ्री फेज लाइन रात्रीची होती. माझे मिस्टर रात्री अकराला बॅटरी आणि काठी घेऊन वावरात गेले. पहाटे सव्वाचारला शेजारच्या वावरातला पोरगा धावत आला. “काकू, काका धुऱ्यावर पडून हायेत. बोलूनच नाही राहिले.”

मी गेले तेव्हा स्प्रिंकलरचे पाइप बदलताना भिजलेले कपडे तसेच अंगावर होते. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा, वाचा गेलेली. लकवा ओळखायला मला डॉक्टर लागला नाही. १०८ ला फोन लावला, चाळीस मिनिटांत गाडी आली. आमच्याकडे ही लवकरच म्हणायची. ग्रामीण रुग्णालयात बीपी १९०/११० निघालं, सलाइन लागलं, रेफर चिठ्ठी मिळाली. शंभरेक किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. सीटी स्कॅनचं मशीन होतं. चालवणारे नऊला यायचे.

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, “शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?” मी सांगितलं, रात्री अकराला. त्यांनी केसपेपरवर तसं लिहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, ती वेळ निघून गेली.

सहाव्या दिवशी मी त्यांचा मोबाइल उघडला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून ते तो खिशात ठेवायचे. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी नाल्यापलीकडच्या, त्याच डीपीवरच्या (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) शेतकऱ्याला फोन केला होता. मी त्या भाऊंना विचारलं. म्हणाले, “हो ना वहिनी, बोललो. तुमच्याकडची लाइन गेली का गा, असं इचारत होते. चांगले बोलत होते. मला कोणी इचारलंच नाही.”

म्हणजे तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत माणूस धडधाकट होता. तिथून साडेचार तास धरले तर सात चाळीसपर्यंत वेळ होती. आम्ही सात पाचला दारात होतो. हाताशी पस्तीस मिनिटं होती. तंत्रज्ञ नव्हता, त्यामुळे ती पस्तीस मिनिटं कदाचित तशीही वायाच गेली असती, हे मला कळतं. पण फोनची गोष्ट मला सुचली नाही, हे मला आजही झोपू देत नाही. मी तर सिस्टर होते. मिस्टर आता काठी धरून चालतात. उजव्या हाताने घास तोंडापर्यंत जात नाही. फार थोडे शब्द उरलेत.

साहेब, त्यानंतर नागपूरला नर्सिंग शिकवणाऱ्या माझ्या भाचीकडून मी कागद मागवले, तिच्याकडून समजून घेतले. लकव्याच्या बहुतेक रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, उरलेल्यांत ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून सीटीशिवाय गुठळी विरघळवणारं औषध देता येत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं, की तीन तासांच्या आत औषध दिलं तर माणूस आपल्या पायावर उभा राहण्याची शक्यता वाढते. २००८ साली युरोपातल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. झोपेत लकवा झालेल्यांचं काय, म्हणून २०१८ साली आणखी एक चाचणी आली. एमआरआयवरून वेळेचा अंदाज घेऊन औषध देता येतं, हे तिने दाखवलं.

हे सगळं वाचताना मला एकच गोष्ट दिसत होती. या मुदती ज्यांच्या अभ्यासातून आल्या, त्यांच्याजवळ वेळ सांगणारा कुणी तरी होता. ज्यांची वेळ माहीत नव्हती, त्यांच्यासाठी एमआरआय होता. रात्री एकटा ओलीत करणारा, वाघाच्या भीतीने काठी आपटत धुऱ्यावरून चालणारा शेतकरी त्या कागदांत नाही. त्याची वेळ सांगणार कोण? पण ती कुठे तरी नोंदलेली असते. लाइन किती वाजता आली, किती वाजता गेली, किती पाइप बदलून झाले होते, शेवटचा फोन कुणाला लागला, मोबाइल स्टार्टरने मोटर कधी सुरू केली. हे प्रश्न नागपूर-मुंबईच्या केसपेपरवर नसतात, कारण तिथे ते लागत नाहीत. आमच्याकडे लागतात. ते विचारले तर किती रुग्णांची वेळ ठरवता येते, हा स्वच्छ, साधा, कमी खर्चाचा अभ्यास आहे. तो इथेच होऊ शकतो.

गावातून संशोधन होत नाही, असं कुणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, १९९९ साली तो जगासमोर आला, आणि आज आशाताई बाळाला घरी जाऊन बघते त्यामागे तो प्रयोग आहे. माझ्या स्वतःच्या कामाची पद्धत त्याने बदलली. त्याच संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांतले मृत्यू एकेक करून तपासले. २०१५ साली निष्कर्ष छापून आला: त्या गावांत मृत्यूचं पहिलं कारण लकवा. शंभरातले चौदा मृत्यू त्याने झालेले, आणि त्यातले बहुतेक घरीच. म्हणजे यातली कितीतरी माणसं कुठल्याच दवाखान्याच्या नोंदीत आली नसतील. जी नोंदीत नाहीत ती चाचणीत कुठून येणार?

देशात मोठ्या चाचण्याही झाल्या आहेत. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून रुग्णाला उभं करता येईल का, हे १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तपासलं गेलं. २०१७ साली उत्तर आलं, फरक पडला नाही. पुस्तिका, एसएमएस आणि व्हिडिओ १२ भाषांत देऊन दुसरा झटका टळतो का, हे ३१ केंद्रांत ४,२९८ रुग्णांवर पाहिलं. २०२३ साली त्याचंही उत्तर ‘नाही’ आलं. मला या दोन्ही चाचण्यांबद्दल आदर वाटतो. नाही ते नाही, असं छापायला हिंमत लागते, आणि नुसती पत्रकं वाटून काम झालं असं मानणाऱ्या आपल्या खात्याला तर हे कळायलाच हवं. पण या चाचण्यांतले रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचलेले होते. मिस्टरांसारख्याला घरी व्यायाम कोण देणार? मुलगा पुण्याला, सून कामाला, आणि कापूस वेचायला मजूर मिळत नाही म्हणून बायको वावरात. आमच्या घरांत काय चालेल, हे आमच्या घरांत येऊनच पाहावं लागेल.

इथे आपल्या खात्याची एक अडचण आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. म्हणजे लकव्याचा रुग्ण पहिल्यांदा जातो ते दार एका विभागाचं, आणि संशोधन करणारे प्राध्यापक दुसऱ्याचे. मधे एक रेफर चिठ्ठी, ती पण गाडीत हरवते. चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, अकोला, सगळीकडे सरकारी महाविद्यालयं आहेत. सेवाग्रामचं महाविद्यालय तर १९६९ साली खेड्यासाठी म्हणूनच उभं राहिलं. नागपूरला एम्स आहे. माणसं आहेत, त्यांना आमच्या दारापर्यंत आणणारा आदेश नाही. तो आपण काढू शकता.

एका जिल्ह्यापासून सुरुवात करा. त्या जिल्ह्यात लकवा झालेल्या प्रत्येक माणसाची नोंद आशाताईने करायची, घरी मेलेल्याचीसुद्धा. सीटी असलेल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात रात्री तंत्रज्ञ हवा, आणि फोनवर न्यूरॉलॉजिस्ट हवा. हिमाचलमध्ये डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयांत अशाच पद्धतीने, मोबाइलवर सीटीचे फोटो पाठवून, इंजेक्शन दिली गेली आहेत. जुन्या औषधाला तासभर सलाइनसारखं चालवावं लागतं. टेनेक्टेप्लेज नावाचं औषध एका दमात नसेत देता येतं, २०२२ साली कॅनडातल्या चाचणीत ते जुन्याच्या तोडीचं ठरलं, आणि ते आपल्या पुण्यातही बनतं. रस्त्याने शंभर किलोमीटर जाणाऱ्या रुग्णाला हे औषध कुठे द्यावं, आधी की नंतर, हा प्रश्न आमच्या रस्त्यांवरच सुटेल.

संमतीबद्दल मात्र मी कडक आहे. या औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, १९९५ च्या चाचणीत औषध दिलेल्या शंभरांतल्या सुमारे सहांना तो झाला होता. पहाटे सात वाजता घाबरलेल्या बाईपुढे बारा पानांचा कागद ठेवून अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. तिला तिच्या बोलीत, “वाचतील की मरतील” यापलीकडचं सांगणारं माणूस हवं. आणि निकाल गावात परत यायला हवा. काही वर्षांपूर्वी एका पाहणीसाठी आम्ही तीन गावांत घरोघर फिरून बीपी मोजलं, रक्ताचे नमुने घेतले, लोकांनी सकाळी उपाशीपोटी रांगा लावल्या. पुढे काय झालं ते आजवर कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी लोकांनी दारं लावून घेतली, मी त्यांना दोष देऊ शकले नाही. ग्रामसभेत निकाल वाचून दाखवण्याची अट प्रत्येक अभ्यासाला घाला.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या फार जवळची आहे. मिस्टर वीस वर्षं घोरायचे. मध्येच श्वास थांबायचा, मग दचकून मोठा श्वास. मी म्हणायचे, दमलेत. तो झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो, त्याने बीपी वाढतं आणि लकव्याचा धोकाही, हे मला नोकरीत कुणी शिकवलं नाही. त्यावरचं, नाकातून हवा दाबून देणारं मशीन रात्रभर विजेवर चालतं. २०१६ साली छापलेल्या, २,७०० हून जास्त हृदय आणि मेंदूच्या रुग्णांवरच्या चाचणीत त्या मशीनने पुढचे झटके टळले नाहीत, पण लोकांनी ते रात्री सरासरी तीन-सव्वातीन तासच लावलं होतं. आमच्याकडे तर अर्धी रात्र माणूस वावरातच असतो.

म्हणून मला वाटतं, सौर कृषी वाहिनीमुळे काही गावांत दिवसा लाइन मिळू लागली आहे, काही गावांत अजून रात्रपाळी आहे. ही आयती तुलना आहे. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचं बीपी मोजा, झोप मोजा, दोन-तीन वर्षं लकवे मोजा. वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम काही वर्षांपासून आहे, तिथल्या सिस्टर हे सहज करतील. सगळीकडे दिवसाची लाइन आली की ही संधी गेली. सगळीकडे ती यावी हीच माझी इच्छा आहे, पण मधल्या काळात मोजून तर घ्या.

सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) लेकरं विसरू नका. या मुलांना लहान वयातच लकवा होऊ शकतो. मेंदूतल्या रक्ताचा वेग डॉपलरने (सोनोग्राफीसारख्या मशीनने) मोजून धोका आधी कळतो, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिल्याने पहिला लकवा बहुतांशी टळतो, हे अमेरिकेत १९९८ मध्येच सिद्ध झालं. आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असं ऐकत आम्ही नोकरी केली. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या किती लेकरांचा वेग वाढलेला आहे, हे मशीन लावून पाहायला हवं.

आणि डोक्याचाच दुसरा आजार, अर्धशिशी. कर्नाटकात घरोघर केलेल्या पाहणीत दर चार प्रौढांमागे एकाला वर्षभरात तिचा त्रास झालेला दिसला. आमच्या बाया कपाळाला फडकं आवळून उन्हात कापूस वेचतात आणि किराणा दुकानातून गोळी घेतात. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. एवढं सांगणारं कुणी आमच्या उपकेंद्रात बसलं तरी पुष्कळ होईल.

साहेब, बाकीच्याला वेळ लागेल, समित्या बसतील. पण एक काम या महिन्यात होऊ शकतं. लकव्याच्या केसपेपरवर, ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलं’ याच्या खाली दोन ओळी छापून घ्या: शेवटचा फोन कुणाला, किती वाजता? लाइन किती वाजता होती? चिमूर तालुक्यापासून सुरू करा. नोंदी करायला माणूस कमी पडला तर मी येईन, मानधन नको. मिस्टरांची दुपारची गोळी देऊन एकला निघते, संध्याकाळपर्यंत बसू शकते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
तालुका चिमूर, जिल्हा चंद्रपूर