पेन्शन सोलापूरची, पत्ता परदेशचा: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया, सप्रेम नमस्कार.

रेल्वेच्या सोलापूर विभागातून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून, बँकांतून निवृत्त झालेली माणसे जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत घरे बांधून राहिली. मुले शिकायला पुण्याला गेली आणि तिथून न्यू जर्सी, टेक्सास, दुबई. आई-वडील सत्तरीला टेकले की "आता इकडेच या" असा फोन येतो. घराला कुलूप लागते, किल्ली शेजारी राहते. पेन्शन मात्र सोलापूरच्याच खात्यात जमा होत राहते. अशा लोकांची विवरणपत्रे आणि पेन्शनची कागदपत्रे पाहणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आधी हिशेब मांडतो.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाचे दर धरू. पेन्शन महिना ६०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२०,००० आणि एफडीचे व्याज ३,००,०००. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उत्पन्न ९,४५,००० उरते. हा माणूस सोलापुरात राहिला तर कर शून्य, कारण १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करात पूर्ण सूट आहे. बँकेत १५एच, म्हणजे कर लागत नसल्याचे जुन्या कायद्यातले प्रतिज्ञापत्र दिले की व्याजातून टीडीएसही कापला जात नाही. तोच माणूस मुलाकडे स्थायिक होऊन अनिवासी ठरला की रिबेट गेला, कारण जुन्या कायद्याच्या ८७ए कलमात तो फक्त निवासींना दिलेला होता. मग ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, वरच्या १,४५,००० वर १० टक्क्यांनी १४,५००, त्यावर ४ टक्के उपकर १,३८०. एकूण ३५,८८०. पेन्शन तीच, व्याज तेच, नोकरीही सगळी याच देशात केलेली.

हे एक वेळ सोसता येईल. खरा त्रास टीडीएसचा आहे. एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातल्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापले जातात. ३ लाखांवर ९३,६००. पेन्शनवर बँक १२,७४० कापते ते वेगळे. देणे ३५,८८० आणि कापले १,०६,३४०. उरलेले ७०,४६० परत मिळवायला विवरणपत्र भरा. तेही सोपे आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागते. भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी. आधारचा ओटीपी आला किंवा नेट बँकिंगने जमले तर ठीक, नाही तर सही केलेला आयटीआर-व्ही टपालाने बंगळुरूला पाठवायचा, तोही परदेशातून.

यातून वाट नाही असे नाही. अमेरिका आणि ब्रिटनशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारांत व्याजावरचा दर १५ टक्के आहे, अमिरातीशी १२.५. त्यासाठी तिथल्या करखात्याचा रहिवासी दाखला आणि आयकर पोर्टलवर भरायचा फॉर्म (जुन्या कायद्यात १०एफ) बँकेला दर वर्षी, एप्रिलमध्येच द्यावा लागतो. तिमाहीचा टीडीएस एकदा कापला गेला की बँक तो परत करत नाही. दुसरी वाट आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र काढण्याची. पण तेही दर वर्षी नव्याने, प्रत्येक बँकेच्या टॅननुसार, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याच्या क्रमांकानुसार. ७४ वर्षांच्या निवृत्त शिक्षकाने हे सगळे एकट्याने करावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

अनिवासी कोण, यावरही मोठा घोळ आहे. व्हिजिटर व्हिसावर मे महिन्यात जाऊन डिसेंबरात परतणारे बहुतेक आजी-आजोबा निवासीच असतात. त्या वर्षात ६० दिवस भारतात आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, ही अट ते सहज पूर्ण करतात. तरी "मी परदेशात असतो" असे काउंटरवर सांगून काही जण खाते एनआरओ करून घेतात आणि लागू नसलेला टीडीएस ओढवून घेतात. याच्या उलट, ग्रीन कार्ड घेऊन कायमचे गेलेले लोक जुने बचत खाते तसेच ठेवतात आणि १५एचसारखे प्रतिज्ञापत्रही देत राहतात. ते खोटे प्रतिज्ञापत्र ठरते, शिवाय फेमाचे, म्हणजे परकीय चलन कायद्याचे उल्लंघन. फेमात दर्जा कायमच्या मुक्कामासाठी देश सोडल्यापासून बदलतो, आयकरात वर्षभराचे दिवस मोजून ठरतो. एकच माणूस एकाच दिवशी एका कायद्याने अनिवासी आणि दुसऱ्याने निवासी असू शकतो. बँकेत हे समजावून सांगणारे एक पानी मराठी माहितीपत्रक तरी ठेवायला सांगा.

हयातीच्या दाखल्याचे दुखणे वेगळे. मुदत नोव्हेंबर, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून. सोलापूरचा माणूस परत येतो जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला. तोवर पेन्शन थांबलेली असते. जीवन प्रमाण हा डिजिटल दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो हे खरे, पण ओटीपी भारतीय नंबरवर येतो. प्रीपेड सिम ९० दिवस न वापरता पडले की नंबर बंद होऊ शकतो. तो दुसऱ्याला दिला गेला तर ओटीपीही त्याच्याकडे जाणार. म्हणून निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्यावे, २० रुपयांहून जास्त शिल्लक ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी एसएमएस पाठवावा. नाही तर भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर सही करून कागद कुरियरने बँकेत पाठवायचा.

गंमत अशी की ज्या विडी आणि गिरणी कामगारांची भविष्य निर्वाह निधीतली ईपीएस-९५ पेन्शन किमान १,००० रुपये आहे, त्यांना हा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तो पुढे १२ महिने चालतो. जी सोय अशोक चौकातल्या विडी कामगार बाईला आहे, ती केंद्राच्या पेन्शनरला का नसावी? राज्याची कोषागारे तुमच्या अखत्यारीत नाहीत, पण केंद्राने पायंडा पाडला तर राज्ये मागे येतील.

घर विकायची वेळ आली की अनेकांना खरा धक्का बसतो. ४५ लाखांचे घर निवासी माणसाने विकले तर टीडीएस शून्य, कारण ५० लाखांच्या आत तो लागतच नाही. विकणारा अनिवासी असेल तर अशी मर्यादा नाही. प्रमाणपत्र आधी काढले नाही तर खरेदीदार सावधगिरी म्हणून पूर्ण रकमेवर १२.५ टक्के आणि उपकर, म्हणजे ५,८५,००० कापून घेतो. नफा किती, हे तेव्हा कोणी विचारत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर २० टक्के आणि महागाई निर्देशांकाचा पर्यायही फक्त निवासींना आहे. भावाच्या नावाने परदेशात केलेले मुखत्यारपत्र इथे पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते, हे निबंधक कार्यालयाच्या दारात कळते.

अमेरिकेतल्यांसाठी आणखी एक बाजू. ग्रीन कार्ड मिळाले की जगभरचे उत्पन्न तिथे दाखवायचे. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली, तर कर नसला तरी एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल भरायचा. पत्नीबरोबरचे संयुक्त खातेही त्यात येते. भारतातले म्युच्युअल फंड तिथे जाचक नियमांखाली जातात, म्हणून ते जाण्याआधी विकलेले बरे. त्यांचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. त्यांची मुदत १५ एप्रिल, आपले विवरणपत्र जुलैअखेर. भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट हवे तर ऑक्टोबरपर्यंतची मुदतवाढ घेतलेली बरी. ते क्रेडिटही खऱ्या कराचेच मिळते, परतावा येणाऱ्या टीडीएसचे नाही.

इथे प्रामाणिकपणे एक कबुली. अमेरिकेत ज्यांना कर भरावाच लागतो, त्यांना भारताने रिबेट दिला तर काहींच्या बाबतीत तो पैसा अमेरिकेच्या तिजोरीत जाईल. दुबईत आयकर नाही, तिथल्या पेन्शनरला मात्र पूर्ण फायदा होईल. म्हणून रिबेटवर तुम्ही वेळ घ्या. टीडीएसला वेळ लागण्याचे कारण नाही. वय ६० च्या वर, भारतातले उत्पन्न फक्त पेन्शन आणि बँकेचे व्याज, पॅन चालू, अशा अनिवासी खातेदाराच्या एनआरओ व्याजावर त्याने बँकेला दिलेल्या वर्षाच्या उत्पन्नाच्या अंदाजपत्रकानुसार, स्लॅबच्याच दराने कपात व्हावी. पेन्शनवर बँक तसा हिशेब आजही करते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, फॉर्मही नवे आहेत. त्यांत अशा अंदाजपत्रकाचा एक फॉर्म घाला आणि पडताळणीचा ओटीपी ई-मेलवरही येऊ द्या. पुढच्या नोव्हेंबरच्या आत एवढे झाले तरी बरेच होईल.

आपले,
सोलापुरातील काही करसल्लागार आणि पेन्शनची कामे पाहणारे