गृहमंत्री साहेब, मिरवणुकीतल्या लेझरचं कायमचं काहीतरी करा

मा. गृहमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या रात्री माझा 19 वर्षांचा भाचा डीजेच्या ट्रॉलीसमोर नाचत होता, वरून हिरवा लेझर फिरत होता आणि एकदा तो थेट त्याच्या डोळ्यात आला. दुखलं काहीच नाही, म्हणून रात्रभर नाचला. सकाळी मोबाईल बघायला गेला तर उजव्या डोळ्यासमोर मधोमध काळा डाग! डॉक्टर म्हणाले पडद्याच्या मधल्या भागावर रक्त साकळलंय. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाहीत, त्यामुळे पोराला आपलं काय गेलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

साहेब, साध्या बल्बचा उजेड चारी बाजूंना पांगतो, लांब गेलात की कमी होतो. लेझरचं तसं नाही, तो एकाच रंगाचा आणि एकाच दिशेने जाणारा, शंभर फुटांवरही फारसा पसरत नाही. आणि आपल्या डोळ्यात तर भिंगच आहे, लहानपणी उन्हात भिंग धरून कागद जाळायचो ना, तसं ते सगळा उजेड पडद्यावर 10-20 मायक्रॉनच्या टिंबात गोळा करतं, म्हणजे केसापेक्षाही बारीक टिंब, तिथे त्याची तीव्रता लाखभर पटीने वाढते. त्यात रात्रीच्या अंधारात बाहुली मोठी झालेली असते.

लख्ख उजेड आला की आपण पाव सेकंदात डोळा मिटतो. डोळ्याने दिसणाऱ्या साध्या लेझरला 1 मिलिवॅट पॉवरची मर्यादा त्या हिशोबानेच धरलेली आहे, तेवढ्या लेझरपुढे पापणी वाचवते. 500 मिलिवॅटच्या वर गेलं की क्लास 4, म्हणजे लेझरच्या धोक्याच्या वर्गवारीत सगळ्यात धोकादायक. मिरवणुकीतले लेझर कित्येक वॅटचे असतात, त्यातला थोडासा भाग जरी बाहुलीतून आत गेला तरी पापणी मिटायच्या आधीच पडदा भाजतो. लोक म्हणतात किरण फिरत असतो म्हणून काही होत नाही, पण फिरवणारा आरसा अडकला किंवा हळू झाला की सगळी पॉवर एकाच जागी. आणि खांद्यावर बसलेली लहान पोरं तर ट्रॉलीवरच्या लाइटच्या बरोबर उंचीला येतात, हे बघून माझा जीव वर-खाली होतो.

पुण्यात, कोल्हापुरात सणाच्या तोंडावर बंदीचे आदेश निघाले, त्याबद्दल मनापासून आभार. पण आदेश सणापुरता असतो, आणि बंदोबस्तातल्या हवालदाराला शार्पी (स्टेजवरचा झोताचा लाइट) कोणती आणि लेझर कोणता हे गर्दीत कसं ओळखायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं. शार्पीत लेझर नसतो, साधा दिवा असतो, दोन्ही दिसायला सारखेच झोत, धोका मात्र वेगळा. गर्दीत वाद घालून, मंडळाच्या पोरांवर गुन्हे दाखल करून उपयोग काय, तोवर डोळा गेलेला असतो.

म्हणून विनंती आहे की कायमचा नियम करा आणि तो लाइटवाल्यांपासून सुरू करा. लेझर भाड्याने देणाऱ्याची नोंदणी हवी, प्रत्येक मशीनवर क्लास आणि पॉवरचं लेबल हवं, मिरवणुकीआधी पोलीस ठाण्यात पॉवर मोजायचा मीटर लावून तपासणी व्हायला पाहिजे. अमेरिकेत शोमधला लेझर प्रेक्षक उभे असतात तिथून किमान 3 मीटर वरूनच जावा असा नियम आहे, आपल्याकडे निदान गर्दीवर किरण मारायचाच नाही एवढं तरी लेखी पाहिजे. गणपती, उरूस, जयंती, लग्नाची वरात, सगळ्यांना एकच नियम, डोळे सगळ्यांचे सारखेच आहेत.

भाच्याच्या डोळ्यातलं रक्त ओसरलं, पण सरळ रेघ अजून त्याला मधे वाकडी दिसते. पोलीस भरतीची तयारी करत होता.

मीटर कसा लावायचा, लेझर कसा ओळखायचा हे शिकवायला मी सुट्टीच्या दिवशी कुठल्याही ठाण्यात यायला तयार आहे, पैसे नकोत, फक्त गणपतीच्या आधी बोलवा.

आपला,
एक फिजिक्सचा मास्तर, जि. सांगली