शेजारच्या यायांना, म्हणजे ग्रीक आजींना, त्या शनिवारबद्दल

प्रिय याया,

तुम्हाला मराठी येत नाही. कुंपणाशी उभी राहून मी हे पत्र तुम्हाला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगणारच आहे. पण आधी माझ्या भाषेत लिहिते. मनातलं सगळं मला दुसऱ्या भाषेत सांगता येत नाही, आणि तुम्ही काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळायला हवं.

त्या शनिवारला तीन आठवडे झाले, तरी रात्री ताटं घासताना डोळे भरून येतात.

बाबा मालवणचे. बोटीवर ऑइलमन होते, उभं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं. १९७८ साली त्यांची बोट दुरुस्तीसाठी ग्रीसमधल्या पिरेयस बंदराच्या शेजारी पेरामाला लागली आणि महिनाभर तिथेच राहिली. संध्याकाळी गोदीतले ग्रीक कामगार त्यांना बंदरावरच्या खानावळीत न्यायचे. निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस, वर लिंबू, ऑलिव्हचं तेल, चुरडलेला ओरेगानो. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गेल्या वर्षी आई गेली आणि मी बाबांना इथे मेलबर्नला घेऊन आले. कंपवात होताच, पण इथे आल्यापासून उजवा हात फारच थरथरायला लागला. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. पंच्याहत्तरी जवळ आली तेव्हा विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाले, "पिरेयसचा ता."

म्हणून आधी आम्ही एका ग्रीक रेस्टॉरंटमध्ये गेलो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'फिलोक्सेनिया' लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ पाहुण्यावरचं प्रेम, हे नंतर तुमच्याकडूनच कळलं. बाबांच्या हातातला काटा दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा वेटरने लहान मुलांचा प्लास्टिकचा चमचा आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि मला विचारलं, मागच्या बाजूला टेबल रिकामं आहे, तिथे बसायला आवडेल का? बाबांनी हात मांडीवर घेतला तो वर आणलाच नाही. आम्ही अर्ध्यावर उठलो. ज्याला हातातला कंप दिसतो आणि माणूस दिसत नाही, त्याने लोकांना जेवायला वाढू नये असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

मग ठरवलं, घरीच करायचं. मासेवाल्याला विचारलं, ऑक्टोपस मऊ कसा होतो? मान वर न करता तो म्हणाला, व्हिडिओ बघा. मी ताजा ऑक्टोपस तसाच्या तसा तव्यावर टाकला. बाबा एकच तुकडा कितीतरी वेळ चघळत राहिले, मग हळूच कागदी रुमालात काढून ठेवला आणि म्हणाले, "बरो झालो हा." मी उरलेला घेऊन मागच्या अंगणातल्या कचऱ्याच्या डब्याशी उभी होते, तेव्हा कुंपणापलीकडून तुम्ही विचारलंत, "पाणी घातलंस का?"

तोवर तुमची-माझी ओळख हात हलवण्यापुरतीच होती.

पाणी घालायचंच नाही, मीठही नाही. तो समुद्रातून आलाय, आपलं पाणी आपणच सोडतो, त्यातच मंद आचेवर शिजू द्यायचा आणि निखारे अगदी शेवटी. ग्रीसमधल्या तुमच्या लिम्नॉस बेटावर तुमचे वडील पकडलेला ऑक्टोपस खडकावर आपटून आपटून मऊ करायचे, दोरीवर उन्हात वाळत घालायचे. इथे खडक नाही तर आधी गोठवायचा, बर्फाने त्याचे धागे सुटतात. एवढं सगळं तुम्ही कुंपणावर कोपरं टेकून सांगितलंत आणि शेवटी म्हणालात, "शनिवारी मी येते."

तुम्ही रिकाम्या हातांनी आला नाहीत. तुमच्या नातवाने अर्ध्या पिंपाची जुनी शेगडी कुंपणावरून अलीकडे उतरवली. तुमच्या परसातला वाळलेला ओरेगानो जुडीच्या जुडी आणलात. पिवळ्या डाळीचा मऊ गोळा आणलात, फावा, वर कच्चा कांदा आणि तेल. सँटोरिनीची ती डाळ आपल्या लाखेच्या डाळीची जवळची बहीण आहे, हे बाबांना सांगितलं तर त्यांनी दोनदा मागून घेतली. तुमचा ईस्टरआधीचा उपास चालू होता. मासा चालत नाही, दही-चीज चालत नाही, पण ज्याला लाल रक्त नाही ते चालतं. म्हणजे ऑक्टोपस, माकूल, कोळंबी सगळं चालतं, आणि शनिवार म्हणून तेलही. श्रावणभर मासळीला हात न लावणारे बाबा हे ऐकून कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. "असलो उपास माका जमात," म्हणाले.

मग बोटींची गोष्ट निघाली. तुम्ही १९६३ साली 'पॅट्रिस' बोटीतून इथल्या स्टेशन पिअर धक्क्याला उतरलात, एकोणीस वर्षांच्या, हातात एक पेटी. बाबांनी लगेच विचारलं, इंजिन कुठलं होतं? तुम्हाला अर्थातच माहीत नव्हतं, पण प्रवासात रात्री पलंगाखालून कसा आवाज यायचा ते तुम्ही टेबलावर बोटं वाजवून दाखवलंत. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

पाहुण्या येणार म्हणून मी टेबल मांडलं होतं. घरी आम्ही हातानेच जेवतो, पण त्या दिवशी पाच जागी पाच काटे आणि सुऱ्या ठेवल्या. बरं दिसावं म्हणून. माझ्याच घरात, माझ्याच बाबांच्या वाढदिवसाला, मी त्यांच्यासमोर तेच ठेवलं ज्याच्यापायी आम्ही त्या रेस्टॉरंटमधून उठून आलो होतो. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. बाबांनी उजवा हात मांडीवर घेतला होता.

तुम्ही कात्रीने ऑक्टोपसचे तुकडे केलेत, वर तेल-लिंबू ओतलंत, ओरेगानो तळहातांवर चोळून टाकलात. मग बसण्याआधी टेबलाभोवती एक फेरी मारलीत आणि सगळ्यांचे काटे उचललेत. आधी माझा, मग माझ्या नवऱ्याचा, मुलाचा, स्वतःचा. बाबांचा मधेच कधीतरी, त्यांच्याकडे न बघता. पाचही काटे एप्रनच्या खिशात टाकलेत आणि म्हणालात, "समुद्रातलं हाताने खायचं असतं." पहिला तुकडा तुम्हीच बोटांनी उचललात. तेल मनगटापर्यंत ओघळलं, तुम्ही ते पुसलंही नाही.

बाबांचा हात वर आला. थरथरतच आला. तुकडा एकदा ताटात पडला, त्यांनी परत उचलला. कोणी बघितलं नाही, कारण सगळ्यांच्याच बोटांना तेल होतं आणि सगळ्यांच्याच ताटाबाहेर काहीतरी सांडलेलं होतं. पहिला घास खाऊन ते बराच वेळ गप्प होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याच ता."

आई गेल्यापासून ते पोटभर जेवले ते त्या रात्री.

याया, मदत करणारी माणसं मी पाहिली आहेत. बहुतेकांची मदत टेबलावर ठेवलेल्या त्या प्लास्टिकच्या चमच्यासारखी असते, ज्याला दिली त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळतात. तुम्हाला सगळं दिसलं होतं, आणि दिसलंय हे बाबांना आजपर्यंत कळलेलं नाही. हे तुम्ही कुठे शिकलात, लिम्नॉसला, की त्या बोटीवर, की इथे साठ वर्षं परकी माणसं बघत, मला माहीत नाही. मला ते येत नव्हतं. लेक असून येत नव्हतं.

तुमचा उपास संपला की बाबांना तुम्हाला बांगड्याचं तिखलं खाऊ घालायचंय, भाताबरोबर. तिरफळं मालवणहून मागवली आहेत.

काटे तुमच्याच एप्रनमध्ये राहिलेत. परवा तुम्ही कुंपणावरून ते द्यायला लागलात तेव्हा मी बोलायच्या आत बाबा म्हणाले, "असां दे थंयच." मला तेव्हा त्याचं भाषांतर जमलं नाही. ते म्हणत होते, राहू देत तिकडेच.

तुमची,
कुंपणाअलीकडची