चेस्टरफिल्डचा पिळलेला सुळका: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, चर्चचा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, चूक सुताराची की लाकडाची? फोनवर उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

चेस्टरफिल्डचं सेंट मेरी अँड ऑल सेंट्स हे इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातलं सगळ्यात मोठं चर्च. क्रुसाच्या आकाराची, घडीव दगडाची इमारत. मधोमध मनोरा आणि त्यावर 1362 च्या सुमाराचा अष्टकोनी लाकडी सुळका, शिशाने मढवलेला. जमिनीपासून टोकापर्यंत 228 फूट. सुळका 45 अंशांत पिळलाय आणि टोक मध्यापासून साडेनऊ फूट बाजूला गेलंय.

सगळे बोट दाखवतात ते ओल्या लाकडाकडे. मला ते अर्धंच पटतं. आपल्याकडे सागवान मुरल्याशिवाय सुतार त्याला हात लावत नाही. तिथे उलटं. ओक सुकला की फार कडक होतो, म्हणून ओला असतानाच घडवायचा आणि जागेवर बसवून मग सुकू द्यायचा. मध्ययुगातली कितीतरी छपरं अशीच उभी आहेत. सुकताना ओक लांबीत जवळजवळ आटत नाही. रुंदीत आटतो, तोही सगळीकडे सारखा नाही: वर्षवलयांच्या कडेकडेने साधारण दुप्पट. त्यामुळे वासा पिळतो आणि कुसवाचे सांधे ढिले पडतात. हे धरूनच कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं लाकूड मारायचं असतं. डुगडुगणाऱ्या बाजेला तुम्ही तिरकी पट्टी ठोकता ना, तसंच. इथे ते तिरके आधार पुरेसे नव्हते. मग आठही बाजूंचे वासे एकाच अंगाला कलले. असं झालं की सुळका कोसळत नाही, पिळतो. 1348-49 च्या प्लेगात जाणते सुतार गेले म्हणून असं झालं, असं सांगतात, आणि ते पटण्याजोगं आहे.

त्यात वरून 33 टन शिसं. तीन मीटरचा पत्रा 40 अंशांनी तापला की साडेतीन मिलिमीटर वाढतो. खालचा ओक त्या मानाने जवळजवळ हलतच नाही. दक्षिणेची बाजू जास्त तापते. शिसं मऊ आणि जड, त्यामुळे गार झाल्यावर पत्रा पूर्ण वर सरकत नाही, दर वेळी थोडा खालीच राहतो. म्हणून पत्रा फक्त वरच्या कडेला तांब्याच्या खिळ्यांनी ठोकतात आणि बाजूच्या कडा शेजारच्या पत्र्याशी दुमडून मोकळ्या ठेवतात. चारही कडा जखडल्या की फुगवटा येतो आणि तिथेच चीर जाते.

खरी काळजी मात्र आतल्या बाजूची. ओकमधून व्हिनेगरसारखं आम्ल सुटतं. त्यात दमट हवा कोंडली की शिसं आतून खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी धरतं. बाहेरून काहीच कळत नाही. मुख्य उपाय म्हणजे पत्र्याखाली वारा खेळता ठेवायचा.

22 डिसेंबर 1961 ला चर्चच्या उत्तर भुजेला आग लागली. स्नेट्झलर या कारागिराने 1756 मध्ये बनवलेला ऑर्गन (चर्चमधलं मोठं वाद्य) जळाला, सुळका वाचला. शिसं 327 अंशांना वितळतं, यावरून धोका किती होता ते बघा.

आई, तुला दिसलेली नक्षी म्हणजे माशाच्या काट्यासारखे तिरके लावलेले पत्रे. त्यामुळे सपाट बाजूही मधोमध पन्हळीसारखी खोलगट भासते. दोघं याल तेव्हा आधी बाहेरून चर्चला पूर्ण फेरी मारू. दर काही पावलांवर टोक वेगळ्याच बाजूला झुकलेलं दिसतं.

तुमची,
लेक